तुळशीबाग ते बोहरी आळी : काटकसरीच्या प्रवासाची खरेदी

स्लीपर वर्गाने किंवा एसटीने जाणाऱ्या, भक्तनिवासात किंवा डॉर्मिटरीत उतरणाऱ्या आणि आठ-दहा दिवसांचे सामान स्वतःच्या पाठीवर वाहणाऱ्या माणसाने प्रवासाची खरेदी पुण्यात कोठे करावी, असे कोणी विचारले, तर मी तुळशीबाग, मंडई आणि बोहरी आळी ही जुन्या पेठांमधल्या बाजारांची तीन नावे सांगते. मोठ्या दालनांमध्ये खास प्रवासासाठी म्हणून मांडलेल्या बहुतेक वस्तू पेठांमध्ये दुसऱ्याच नावाने आणि दुसऱ्याच कामासाठी विकल्या जातात, बऱ्याच स्वस्त मिळतात आणि त्यांतल्या काही अधिक टिकतातही. मात्र पाठीवरची पिशवी, पायांतले बूट आणि पॉवर बँक या तीन गोष्टी मी पेठेतून घेत नाही आणि कोणाला घ्या म्हणतही नाही. हाताशी चार-पाच हजार रुपये असतील, तर त्यांतले बहुतेक या तिन्हींवर खर्च करावेत आणि बाकी सारे सामान पेठांमधून उरलेल्या रकमेत भागवावे, असे माझे मत आहे. या बाजाराचा हा आढावा त्याच हिशेबाने लिहिला आहे.

जायचे कसे, हा प्रश्न आता पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून मंडई स्थानकावर उतरले की तुळशीबाग पायी काही मिनिटांवर येते. तेथून लक्ष्मी रस्त्याने सोन्या मारुती चौकाच्या दिशेने चालत गेले की रविवार पेठेतली बोहरी आळीही फार लांब नाही. दुचाकी घेऊन जाण्यात अर्थ नाही, कारण गाडी लावायला जागा शोधण्यातच निम्मा वेळ जातो. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी दुकाने उघडल्यावर लगेच जावे. गणपती आणि दिवाळीच्या आधीच्या दिवसांत मात्र या भागात प्रवासाची खरेदी करायला जाऊच नये, कारण त्या गर्दीत कोणताही दुकानदार दोन दोऱ्यांमधला फरक समजावून सांगत बसणार नाही.

प्रथम पिशवीविषयी, कारण सगळ्यात जास्त पैसे तेथेच वाया जातात. मंडई-तुळशीबागेच्या परिसरात आणि कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर पाठीवरच्या पिशव्यांचे ढीग असतात. त्यांवर नामांकित कंपन्यांची चिन्हे असतात आणि किंमत ऐकून मोह होतो. अशी पिशवी कॉलेजला न्यायला पुरते. सात-आठ किलो वजन भरून ती पाठीवर घेऊन रेल्वेचा पूल चढायचा, स्थानकापासून मुक्कामापर्यंत चालायचे आणि हे आठवडाभर रोज करायचे, हे तिच्याकडून होत नाही. पिशवी घेताना बहुतेक जण रंग, खिसे आणि लिटर पाहतात. खरे पाहायला हवे ते खांद्याचा पट्टा पाठीच्या कापडाला जेथे शिवलेला असतो ते ठिकाण. पिशवी उलटी करून तेथे बोट फिरवावे. स्वस्त पिशवीत पट्ट्याचे टोक दोन कापडांच्या शिवणीत नुसते अडकवलेले असते, त्यावर टाक्यांची एकच ओळ असते आणि आतल्या बाजूला कापडाच्या कडा उघड्या, दोरे सुटलेल्या दिसतात. चांगल्या पिशवीत पट्ट्याचे टोक आत खोलवर गेलेले असते, त्यावर चौकोन आणि चौकोनात फुली अशी घट्ट शिवण असते, आणि आतल्या कडांवर पट्टी घालून त्या बंद केलेल्या असतात. वजन पडले की पहिल्यांदा उसवते ते हेच ठिकाण, आणि एका बाजूचा पट्टा तुटला की ती पिशवी हातात धरून न्यावी लागते.

दुसरी परीक्षा पट्ट्यातल्या फोमची. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये पट्टा दाबून पाहावा. दोन्ही बोटे एकमेकांना जवळजवळ टेकली, तर भरलेल्या पिशवीखाली तो फोम पहिल्याच दिवशी चपटा होणार हे नक्की. तिसरी परीक्षा चेनची. रनर, म्हणजे चेनवरचा सरकता तुकडा, उलटा करून पाहिला तर त्याच्या पाठीवर ५, ८ किंवा १० असा आकडा कोरलेला असतो. हा चेनच्या दातांच्या रुंदीचा आकडा आहे आणि मोठ्या कप्प्याला निदान ८ क्रमांकाची चेन असावी. भरलेल्या पिशवीची चेन ओढताना सगळा ताण रनरवर येतो, त्यामुळे रनर पातळ असेल तर त्याचे तोंड उघडते आणि मग चेन लागते, पण मागून उघडीच राहते. या तिन्ही परीक्षा दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होतात. दुकानदार त्या करू देत नसेल, तर तेथून निघावे.

कमरेच्या पट्ट्याबद्दल अधिक सांगायला हवे, कारण पुष्कळ लोक तो शोभेचा समजतात आणि दुकानातून निघतानाच पिशवीच्या मागे बांधून टाकतात. हा पट्टा कमरेच्या हाडांवर टेकवून आवळायचा असतो, पोटावर नाही. तो नीट बसला की वजनाचा मोठा हिस्सा खांद्यांवरून उतरून कमरेवर आणि पायांवर जातो. खांदे आणि मान आखडत नाहीत, आणि दिवसभर चालल्यावरही माणूस ताठ राहतो. यासाठी पिशवीची पाठ आपल्या पाठीच्या लांबीची असावी लागते. मान पुढे झुकवली की मानेच्या मुळाशी जे हाड ठळकपणे हाताला लागते, तेथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर शिंप्याच्या टेपने घरी मोजून घ्यावे. उंच माणसाची पाठ लांब असतेच असे नाही, म्हणून केवळ उंचीवरून पिशवी निवडू नये. पेठेतल्या बहुतेक पिशव्यांमध्ये या पट्ट्याच्या नावाखाली नुसती बोटभर रुंदीची निवार आणि एक प्लास्टिकचे बक्कल असते. ती पिशवी हलू देत नाही, पण वजन मात्र उचलत नाही. क्रीडासाहित्याच्या मोठ्या दालनात अडीच-तीन हजारांच्या आतबाहेर मिळणारी, गादीदार कमरपट्टा असलेली ३५ ते ४० लिटरची साधी पिशवी मी यासाठीच सुचवते. तेथे पिशवीत वजन भरून, पाठीवर घेऊन दालनात फेरी मारता येते. ती पंधरा मिनिटे तरी मारावी, लाजू नये.

चाळीस लिटरच्या पुढे जाऊ नये, याला कारण आहे. देशांतर्गत विमानप्रवासात हातातल्या सामानाची सर्वसाधारण मर्यादा ७ किलो असते, आणि बऱ्याच कंपन्यांची मापाची मर्यादा ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर असते. या मापाचा डबा सुमारे ४८ लिटरचा होतो, आणि भरलेली ४० लिटरची पिशवी फार लांबट नसेल तर त्यात बसते. रेल्वेने जाणाऱ्याला इतकी काटेकोर मर्यादा नाही. स्लीपर वर्गात एका प्रवाशाला ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते, पण चाळीस किलो नेता येतात म्हणून न्यावेत असे नाही. स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिस्स्याएवढे ओझे दिवसभर सुखाने वाहता येते. ते पाचव्या हिस्स्यापर्यंत गेले की प्रवास ओझ्याच्या तंत्राने चालू लागतो. रिक्षा करावी लागते, हमाल करावा लागतो, स्थानकाजवळचीच महाग खोली घ्यावी लागते. जड सामानाचा खर्च असा रोज थोडा थोडा होत राहतो. म्हणून बोहरी आळीत मिळणारा लहान डिजिटल ताणकाटा घरी असावा. दोन-तीनशे रुपयांचा हा काटा सबंध बिऱ्हाडाला वर्षानुवर्षे पुरतो. निघण्याच्या आदल्या दिवशी पिशवी त्याला टांगून पाहिली, की काय काढून ठेवायचे ते आपोआप ठरते. गुडघ्यांचे किंवा पाठीचे दुखणे असेल, त्यांनी अर्थातच चाकांची बॅग घ्यावी. पाठीवरच्या पिशवीचा आग्रह त्यांच्यासाठी नाही.

आता पेठेतल्या खरेदीकडे वळते, आणि तिच्यात पहिला मान पंच्याचा आहे. रविवार पेठेतल्या कापडगंजात आणि लक्ष्मी रस्त्यावरच्या जुन्या कापडाच्या दुकानांत सुती पंचा आजही शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. प्रवासासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मायक्रोफायबरच्या टॉवेलची किंमत त्याच्या तिप्पट-चौपट असते. कापूस स्वतःच्या वजनाच्या आठ टक्क्यांपर्यंत ओलावा हवेतूनच धरून ठेवतो आणि मायक्रोफायबरमधले पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही, त्यामुळे पॉलिस्टर लवकर वाळते हे खरे. पण वाळण्याचा वेळ कापडाच्या जाडीवरही असतो. पंच्याची वीण इतकी विरळ असते की उजेडात धरला तर पलीकडचे दिसते, आणि त्यात मुळात पाणी साठायला जागाच थोडी असते. पिळून खिडकीच्या गजाला बांधलेला पंचा उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात तासा-दीड तासात कोरडा होतो. तोच उन्हात डोक्याला बांधता येतो, बर्थवर अंथरता येतो, घडी करून उशाला घेता येतो, आणि त्यात दशम्यांची शिदोरीही बांधता येते. मायक्रोफायबरला दोन-तीन दिवस न धुता वापरले की कुबट वास येतो. पंच्याला तो इतक्या लवकर येत नाही. नवा पंचा मात्र तसाच घेऊन निघू नये. त्याला खळ असते, आणि ती जाईपर्यंत तो पाणी टिपत नाही, नुसते अंगावर पसरवतो. रात्रभर पाण्यात भिजवून दोन-तीनदा धुतला की तो मऊ होतो. भर पावसाळ्यात कोकणात जायचे असेल, तर तेथे काहीच वाळत नाही. तेव्हा एकाऐवजी दोन पंचे घ्यावेत.

पावसाची तयारी बोहरी आळीतच करावी. आषाढीच्या वारीत पुण्यातून जाणारे वारकरी पाहिले, तर त्यांतल्या पुष्कळांच्या डोक्यावरून पाठीपर्यंत प्लास्टिकचा एक साधा कागद असतो. त्याने माणूस आणि खांद्यावरची पिशवी दोन्ही झाकली जातात आणि हात मोकळे राहतात. तो कागद बोहरी आळीत मीटरवर मिळतो आणि हवा तेवढ्या जाडीचा निवडता येतो. पाठीवरच्या पिशवीसाठी विकले जाणारे पावसाचे आवरण फक्त बाहेरच्या बाजूने झाकते. पाठीला टेकलेली बाजू उघडीच राहते आणि मानेवरून वाहणारे पाणी तिकडून आत शिरते. म्हणून आवरणावर पैसे घालण्यापेक्षा पोत्याच्या आत घालतात ती जाड प्लास्टिकची पिशवी घ्यावी, ती आपल्या पिशवीत आतून बसवावी, तिच्यात कपडे भरावेत आणि तोंड पिळून दुमडून वर रबर लावावे. बाहेरचे कापड चिंब भिजले तरी आतले कपडे कोरडे राहतात. ही पिशवी फाटेपर्यंत वापरावी आणि वाटेत कोठे टाकून देऊ नये, एवढे पथ्य मात्र पाळावे. दुचाकीवर घालायचा दोन भागांचा जाड रेनकोट प्रवासात नेऊ नये. तो जड असतो आणि चालताना आत इतका घाम येतो की न भिजण्याचा उपयोग राहत नाही. सैलसर पोंचो चालायला पुष्कळ बरा.

दोरीच्या बाबतीत बोहरी आळीतल्या दुकानदारांचे ज्ञान खरोखर उपयोगी पडते. कपडे वाळत घालण्यासाठी चार-पाच मीटर दोरी हवी, असे मी सांगितले तेव्हा रंगीत, चकचकीत दोरीकडे गेलेला माझा हात पाहून गल्ल्यावरचे काका म्हणाले, “ताई, ती उन्हात कडक होते आणि मग तुटते. वाळत घालायला ही पांढरी नायलॉनची न्या, बारीकच न्या.” हे बरोबर आहे. त्या रंगीत दोऱ्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. हलक्या आणि स्वस्त असल्या, तरी उन्हातल्या अतिनील किरणांनी त्या ठिसूळ होतात. विणलेली नायलॉनची दोरी ऊन पुष्कळ अधिक सोसते. ती ओली झाली की थोडी ताणली जाते, म्हणून बांधताना आवळून बांधावी. दोरीबरोबर सहा-सात चिमटे, दोन-चार मोठ्या सेफ्टी पिना, एक दाभण आणि थोडा जाड नायलॉनचा दोरा घ्यावा. हे सारे मिळून मूठभर होते आणि उसवलेला पट्टा, तुटलेली चप्पल किंवा फाटलेला खिसा यांपैकी काहीही रस्त्यात निभावून नेता येते. दाभण मात्र विमानात हातातल्या सामानात ठेवू नये.

त्याच दुकानांमध्ये साखळी-कुलूप मिळते. रेल्वेच्या खालच्या बर्थखाली साखळी अडकवण्यासाठी कड्या असतात, आणि रात्रीच्या प्रवासात पिशवी तेथे बांधून ठेवली की झोप शांत लागते. जाडजूड साखळी घेऊ नये. प्लास्टिकचे वेष्टण असलेली पातळ तार आणि लहान कुलूप पुरेसे असते, कारण चोराला अडवण्यापेक्षा त्याला वेळ लागायला लावणे एवढेच याचे काम आहे. पैसे, ओळखपत्र आणि मोबाइल साखळीच्या भरवशावर ठेवू नयेत. ते अंगावरच असावेत.

तुळशीबागेत प्रवाशाने काय घ्यावे, तर माझ्या मते सगळ्यात आधी साड्यांची कव्हरे. चेन असलेली, एका बाजूने पारदर्शक आणि दुसऱ्या बाजूने कापडी अशी ही कव्हरे तेथे अर्ध्या डझनाच्या गठ्ठ्यात मिळतात. एका कव्हरात शर्ट किंवा कुर्ते, दुसऱ्यात आतले कपडे, तिसऱ्यात थंडीचे कपडे अशी विभागणी केली की पहाटे डॉर्मिटरीत दिवा न लावता हवी ती वस्तू हाताला लागते आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाची झोप मोडत नाही. याच कामासाठी वेगळ्या नावाने विकल्या जाणाऱ्या चौकोनी पिशव्यांचा संच कितीतरी महाग पडतो आणि त्यांचे जाड कापड वजनही वाढवते. कपड्यांच्या घड्या घालण्याऐवजी त्यांच्या घट्ट गुंडाळ्या करून या कव्हरांत उभ्या लावाव्यात. अंगावरचा एक आणि पिशवीतले दोन असे तीन जोड कोणत्याही लांबीच्या प्रवासाला पुरतात, कारण आठव्या दिवशीही धुवावे लागतेच. जीन्स नेऊ नये. ती जड असते, आणि एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही.

तेल, शॅम्पू आणि द्रव साबण यांसाठी लहान बाटल्या तुळशीबागेतल्या हातगाड्यांवर पाच-दहा रुपयांपासून मिळतात, पण त्या घेताना सावध राहावे. झाकणाच्या आत पातळ चकती किंवा निमुळते बूच आहे का ते पाहावे, घरी येऊन पाणी भरून बाटली रात्रभर आडवी ठेवावी आणि खाली कागद अंथरावा. पाच घेतल्या तर त्यांतल्या एखाददुसरीच्या खालचा कागद सकाळी ओला असतो. परदेशी जायचे असेल तर हातातल्या सामानात कोणताही द्रव १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाही, आणि अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत बसाव्या लागतात. त्या मापाच्या बाटल्याही येथे मिळतात. खरे तर साबणाची वडी सगळ्यात बरी. ती सांडत नाही आणि वजनालाही हलकी असते.

भांड्यांच्या दुकानांविषयी मला विशेष आस्था आहे. तुळशीबागेतल्या राममंदिराच्या आवारात आणि आसपास तांब्या-पितळेची जी दुकाने आहेत, तेथे फिरकीचा तांब्या अजूनही पाहायला मिळतो. आटे असलेले झाकण घट्ट बसते, पाणी सांडत नाही, आणि एकेकाळी आपल्याकडचा कोणताही लांबचा प्रवास त्याच्याशिवाय होत नसे. वस्तू म्हणून ती अत्यंत देखणी आहे. पण पाठीवरच्या पिशवीत न्यायला मी ती सुचवणार नाही, कारण रिकाम्या तांब्याचेच वजन पुष्कळ असते आणि एक लिटर पाण्याचा एक किलो त्यात वेगळा मिळवावा लागतो. शिवाय तांब्याच्या भांड्यात लिंबाचे सरबत किंवा ताक ठेवता येत नाही. एकाच थराची स्टीलची लिटरभराची बाटली हे काम करते. गरम-गार ठेवणारी दोन थरांची बाटली तिच्या जवळजवळ दुप्पट वजनाची असते आणि थंड प्रदेशात जायचे नसेल तर ती अनावश्यक आहे. बाटलीबरोबर क्लिपांच्या झाकणाचा स्टीलचा एक चपटा डबा आणि एक चमचा घ्यावा. झेलम एक्स्प्रेसने जम्मूपर्यंत दोन रात्री काढायच्या असतील, तर दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि गूळ हे पहिल्या दिवसभराचे जेवण त्या डब्यात आणि पंच्यात बसते. पुढे तोच डबा स्थानकावरच्या पोळी-भाजीसाठी ताट म्हणून उपयोगी पडतो.

औषधांचे फारसे सांगण्यासारखे नाही. नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, ओआरएसची चार-पाच पाकिटे, चिकटपट्ट्या आणि क्लोरिनच्या गोळ्या एवढे कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. ओआरएसच्या मोठ्या पाकिटाला एक लिटर पाणी लागते, पेलाभर नव्हे. कमी पाण्यात कालवले तर ते जास्त खारट होते आणि उपयोगाऐवजी अपाय होऊ शकतो. क्लोरिनची गोळी टाकल्यावर निदान अर्धा तास पाणी पिऊ नये.

पॉवर बँक पदपथावर का घेऊ नये, हे मात्र स्पष्ट सांगायला हवे. तिच्यात लिथियमची बॅटरी असते, ती निकृष्ट असेल तर तापते, फुगते आणि पेटूही शकते, आणि आपण ती झोपताना उशाशी ठेवतो. भारतात विकल्या जाणाऱ्या पॉवर बँकेला भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते. मागच्या बाजूला ते चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तो नसेल तर वस्तू कितीही स्वस्त असो, घेऊ नये. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-अवर होते, आणि विमानात विनापरवानगी नेण्याची मर्यादा १०० वॉट-अवर आहे, म्हणून ती चालते; मात्र ती हातातल्याच सामानात ठेवावी लागते, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत ती ठेवता येत नाही. क्षमतेचे आकडे खोडलेले किंवा पुसट झालेले असतील तर तपासणीच्या ठिकाणी ती काढून घेतली जाऊ शकते. रेल्वेच्या डब्यात चार्जिंगची सोय असली तरी आगीच्या धोक्यामुळे रात्री ती बंद ठेवली जाते, त्यामुळे पहाटे उतरायचे असेल तर संध्याकाळीच सगळे चार्ज करून घ्यावे. एका माणसाला १०,००० एमएएच पुरते, आणि तिचे वजन निम्म्याच्या आसपास असते.

बुटांना पेठेत पर्याय नाही असे नव्हे, पण चालण्यासाठीचे बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून आणि उतारावर उभे राहून पाहावे लागतात, आणि एवढी मोकळीक गर्दीच्या दुकानात मिळत नाही. अंघोळीसाठी आणि डब्यात वावरण्यासाठी रबरी सपाता मात्र मंडईजवळच घ्याव्यात.

या बाजारातला व्यवहार कसा असतो, तेही नोंदवते. तुळशीबागेतल्या हातगाड्यांवर घासाघीस चालते आणि ती सौम्यपणे केली तर कोणी रागवत नाही. बोहरी आळीतली बरीच दुकाने मूळची घाऊक व्यापाराची आहेत; तेथे भाव आधीच कमी असतो, म्हणून दहा रुपयांसाठी ताणू नये. काही ठिकाणी किरकोळ विक्री होत नाही आणि डझनानेच घ्यावे लागते. अशा वेळी तीन-चार मित्रमैत्रिणींनी एकत्र जाऊन वाटून घेणे सोयीचे पडते. एक तक्रार मात्र खरी आहे. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि घेतलेली वस्तू परत करता येत नाही. एका दुकानातून घेतलेल्या साखळी-कुलपाची किल्ली पहिल्याच आठवड्यात वाकली, तेव्हा बदलून देणे तर दूरच, ती वस्तू आमचीच कशावरून, असे मला विचारण्यात आले. तेव्हापासून कुलूप, चेन, बक्कल, बूच असे काहीही मी दुकानातच पाच-सहा वेळा उघडून-लावून पाहते, आणि बहुतेक दुकानदार ते आनंदाने करू देतात. प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला ते दोन गोष्टी जास्तच सांगतात, असा माझा अनुभव आहे. कोणत्या कामासाठी हवे आहे एवढे मात्र आपण नीट सांगायला हवे.

आणखी एका सेवेसाठी हा भाग मला महत्त्वाचा वाटतो, ती म्हणजे दुरुस्ती. मंडईच्या परिसरात बॅग आणि चेन दुरुस्त करणारे कारागीर रस्त्याच्या कडेला यंत्र मांडून बसतात. नवा रनर बसवणे, तुटलेले बक्कल बदलणे, उसवलेल्या पट्ट्यावर दुहेरी शिवण घालणे ही कामे पन्नास-शंभर रुपयांत समोर उभे राहून करून मिळतात. चेन मागून उघडी पडत असेल तर सबंध चेन बदलायला सांगू नये. बहुतेक वेळा दात शाबूत असतात आणि रनरचे तोंड सैल झालेले असते. कारागीर आधी ते पक्कडीने दाबून पाहतो, आणि तेवढ्याने भागले तर फारच थोडे पैसे घेतो. नवी पिशवी घेतली असेल तरी पहिल्या प्रवासाआधी ती येथे आणून खांद्याच्या पट्ट्यांवर जाड नायलॉनच्या दोऱ्याने जादा शिवण घालून घ्यावी. काम देताना पिशवी रिकामी न्यावी, आतले अस्तर बाहेर ओढून दाखवावे आणि टाके दोन्ही कापडांतून आरपार जात आहेत ना, हे यंत्र थांबण्यापूर्वीच पाहून घ्यावे.